शेवटच्या प्रकरणात मरणारी डबी

१

मरण एकदाच येतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत, आणि जानेवारीत जिथे दिवसही माफी मागतच उजाडतो त्या कायानी गावात या वचनावर कुणी शंका घेत नाही. सिर्क्कू मोइलानेनच्या मागच्या खोलीतल्या मृताला मात्र ते त्या महिन्यात जवळजवळ रोज येत होतं, आणि तार उपटून पुन्हा खोचली की मृत हिरवा दिवा लावून उठून बसत होता.

मृत म्हणजे एक ऑडिओ इंटरफेस. पत्र्याची, पंजाएवढी डबी. पुढच्या अंगाला आवाज कमीजास्त करायचं धातूचं गोल बटण, मागे दोन तारा. एक मायक्रोफोनकडून येते, दुसरी यूएसबीची, ती कॉम्प्युटरकडे जाते. माणसाचा आवाज इकडून घ्यायचा आणि तिकडे पोचवायचा, एवढंच डबीचं काम. टपालखात्यालाही याहून जास्त करावं लागतं.

सिर्क्कूने उभं आयुष्य शाळेत स्वीडिश शिकवण्यात घालवलं होतं आणि ते कुणीही ऐकलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती रहस्यकथा वाचून ध्वनिमुद्रित करायला लागली आणि त्या लोक पैसे मोजून ऐकायला लागले. हा बदल तिला मानवला होता. मागच्या खोलीत टेबल, मायक्रोफोन, डबी आणि कॉम्प्युटर मांडून ती इन्स्पेक्टर तोर्विनेनच्या मालिकेतलं ताजं पुस्तक संपवत आणत होती.

गुरुवारी दुपारी शेवटचं प्रकरण निघालं. तळ्यातल्या आगबोटीच्या खोलीत सगळे संशयित बसले आहेत, आणि तोर्विनेन फेऱ्या मारत एकेकाचा बुरखा फाडतो आहे. सिर्क्कूचा आवाज चढत गेला. चढणार हे ठाऊक असल्याने तिने हात पुढे करून गोल बटण थोडं मागे फिरवलं.

"तो दोर कापणारी व्यक्ती याच खोलीत आहे," ती तोर्विनेनच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आणि ती आहे—"

कॉम्प्युटरने 'ठुणूक' केलं. हिरवा दिवा गेला. पडद्यावर पाटी आली, की असं कोणतंही उपकरण या कॉम्प्युटरला जोडलेलं नाही.

तिने तार काढली, खोचली, मागून सुरुवात केली. तोर्विनेन फेऱ्या मारायला लागला, आवाज चढला, बटण फिरलं, ठुणूक. पुन्हा. पुन्हा. आधीची प्रकरणं रडतखडत का होईना पार पडली होती. हे प्रकरण डबी खुन्याच्या नावाच्या अलीकडे नेऊन सोडत होती, जणू तिचे आणि त्या खुन्याचे काही घरगुती संबंध होते.

तेवढ्यात हेलसिंकीहून काइसूचा फोन आला. काइसू प्रकाशकाकडे ध्वनिमुद्रणाचं काम बघायची. तिचा स्वर इतका गोड होता की ऐकणाऱ्याला दात तपासून घ्यावेसे वाटत.

"सिर्क्कू, घाई अजिबात नाही," काइसू म्हणाली. "फक्त सोमवारी दुपारपर्यंत शेवटचं प्रकरण हवं. नाहीतर आम्ही ते यंत्राच्या आवाजात करून घेऊ. हल्ली ते आवाज छान झालेत. आणि एकदा एक प्रकरण तसं केलं, की मग मालिकेतली पुढची पुस्तकंही तशीच करणं सोयीचं जाईल."

"कुणाच्या सोयीचं?"

"सगळ्यांच्याच," काइसू म्हणाली आणि तिने सिर्क्कूला छान दिवस जावो असं म्हटलं.

सिर्क्कू डबीकडे बघत बसली. तोर्विनेनची पाच पुस्तकं तिने मोठ्याने वाचली होती. एकच घात, एकाच जागी, एकाच वाक्यावर पुनःपुन्हा होत असेल, तर त्याला योगायोग म्हणत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं.

२

आधी वैद्य झाले. तिने यूएसबीची तार बदलली. कॉम्प्युटरला मागून खोचलेली तार पुढून खोचली. ड्रायव्हर नावाची जी अदृश्य चीज असते ती काढून नवी घातली, मग जुनी परत घातली. उपकरण वापरात नसेल तेव्हा झोपी जाण्याची परवानगी कॉम्प्युटरच्या पोटात कुठेतरी दिलेली असते. ती शोधून रद्द केली. प्रत्येक उपायानंतर डबी टवटवीत दिसायची आणि आगबोटीत जाऊन मरायची.

डबीच्या कंपनीच्या मदतकेंद्रात एक अतिशय सभ्य तरुण होता.

"तुम्ही ती बंद करून चालू करून पाहिलीत का?" त्याने विचारलं.

"बंद ती स्वतःच होते. चालू मी करते. कामाची वाटणी झालेली आहे आमची."

"समजलं. कोणत्या वेळी बंद होते?"

"खुनी सापडायच्या वेळी."

तरुणाने ते टिपून घेतलं. मग त्याने विचारलं, की तिने ड्रायव्हर काढून नवा घालून पाहिला आहे का.

आवाज घुमतो म्हणून कॉम्प्युटर गोंधळत असेल, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याला शेंडाबुडखा नव्हता, पण वैतागलेला माणूस विचारांचं मूळगाव विचारत नाही. नाताळानंतर तिने खोलीत जाड, केसाळ गालिचा अंथरला होता आणि भिंतींवर घोंगड्या ठोकल्या होत्या. आता आणखी एक घोंगडी तिने टेबलाखाली अंथरली. त्यानंतर डबी जरा लवकरच मरायला लागली.

शुक्रवारी ती डबी आणि कॉम्प्युटर घेऊन बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. बाहेर उणे सत्तावीस होतं. दुकानाच्या दगडी फरशीवर गिऱ्हाइकांच्या बुटांवरचा बर्फ वितळून तळं झालं होतं आणि त्यात रबरी बूट घालून दुकानदार उभा होता. त्याने डबी ठेवून घेतली.

शनिवारी सकाळी त्याने ती परत दिली.

"कालपासून चालू आहे. गाणी लावली, बटणं पिळली, येणाऱ्याजाणाऱ्याने हात लावला. एकदाही बंद पडली नाही."

"म्हणजे ती दुरुस्त झाली?"

"ती बिघडलीच नव्हती." दुकानदाराने खोकं तिच्याकडे सरकवलं. "जे काय आहे ते तुमच्या घरात आहे."

तोर्विनेनच्या पुस्तकांत या वाक्यानंतर नेहमी नवं प्रकरण सुरू होतं.

३

पहिला संशयित ठरलेलाच होता. समोरच्या घरात राहणारा ओस्सी केम्पाइनेन, रेल्वेतून निवृत्त, हौशी बिनतारी संदेशवाला. अंगणात उंच खांब उभारून तो ब्राझीलमधल्या कुणाशी तरी हवामानावर बोलायचा. त्याच्या लहरींनी डबी मरत असणार याबद्दल सिर्क्कूला शंका नव्हती. फक्त कबुलीजबाब हवा होता.

"ये," ओस्सीने दार उघडत म्हटलं. "बूट काढ. कॉफी तयार आहे."

"मी येणार हे तुला कसं कळलं?"

"गल्लीत काहीही बिघडलं की लोक माझ्याकडेच येतात. शेजारणीचा टीव्ही खरखरला, ओस्सी. पाद्रीबुवांच्या गॅरेजचं दार आपोआप उघडलं, ओस्सी. तुझं काय मेलं?"

सिर्क्कूने सांगितलं. ओस्सीने बन पुढे केला. चौकशी तिथल्या रीतीप्रमाणे कप रिकामा होईपर्यंत थांबली.

"गुरुवारी दुपारी तू तुझ्या यंत्रावर होतास का?" तिने विचारलं.

"जरा खिडकीतून बघ. माझा खांब दिसतोय?"

तिने पाहिलं. अंगणात बर्फाचा ढीग होता आणि त्यावर एक कावळा.

"नाही दिसत."

"मलाही दिसत नाही. नाताळाच्या आधीच बर्फाच्या ओझ्याने मोडला. त्या ढिगाखाली आहे. उन्हाळा लागेपर्यंत मी मुका आहे."

"अरे पण परवा शेजारणीने तुला दुकानात सगळ्यांदेखत झापलं, तू खाली मान घालून ऐकून घेतलंस."

"मग काय सांगू? तुझा टीव्हीच भंगार आहे म्हणू?" ओस्सीने कप पुन्हा भरला. "आणि माणसाला गावात काहीतरी स्थान लागतं, सिर्क्कू."

पहिला संशयित असा कॉफीत विरघळला. ती बूट घालत असताना ओस्सी दारात येऊन उभा राहिला.

"एक विचारू? ती डबी कुणाच्या हातून मरते?"

"माझ्या."

"फक्त तुझ्याच?"

सिर्क्कूचा एक पाय बुटात होता, एक बाहेर. हा प्रश्न तिला सुचला नव्हता, आणि तो ओस्सीला सुचला याचा तिला त्या क्षणी डबीपेक्षा जास्त राग आला.

४

डबी नवऱ्याच्या हातात देऊन पाहायची, तर वेइयो बर्फात भोक पाडून मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला होता. तोवर दुसरी संशयित उरकून घ्यावी म्हणून सिर्क्कू भिंतीपलीकडे गेली. जुळ्या घराच्या त्या अर्ध्या भागात तिची सासू हेल्वी राहायची. तिच्याकडे एक म्हातारा फ्रीझर होता, एक शिवणयंत्र होतं आणि मतं होती. या तिन्हींची वीज एकाच भिंतीतून जायची.

हेल्वी मोजे विणत होती. तिने मान वर केली नाही.

"कॉफी आहे. ओस्सीकडे प्यायलीस ती धरायची नाही. त्याची पाण्यासारखी असते."

"हेल्वी, गुरुवारी दुपारी तुझं शिवणयंत्र चालू होतं?"

"माझं शिवणयंत्र ऑगस्टपासून मोडलंय. वेइयो दर रविवारी बघतो म्हणतो. फ्रीझर म्हणशील तर तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून घरघरतोय आणि आजवर कुणी मेलेलं नाही." सुया खटखटल्या. "माझ्यावर आळ घ्यायला आलीस, सूनबाई?"

"मी फक्त विचारतेय. डबी नाताळापर्यंत नीट होती. जानेवारीत काय बदललं?"

"ते मला विचारतेस? त्या खोलीत इतकी वर्षं माझ्या ओल्या चादरी वाळायच्या. तू कपडे वाळवायचा घोडा उचललास आणि बॉयलरच्या खोलीत नेऊन टाकलास. गालिचा काय, घोंगड्या काय. खोली आहे की अस्वलाची गुहा?"

"चादरी ठिबकतात, हेल्वी. मायक्रोफोनला ऐकू येतं."

"माझ्या चादरी ठिबकत नाहीत. मी पिळते."

सिर्क्कूने बाजू बदलली. "आणि गंमत म्हणजे गेल्या शनिवारी ती सुरेख चालली. आपण सौनात वाफ घेऊन आलो, मी ओल्या केसांनीच बसले आणि शेवटून दुसरं अख्खं प्रकरण एका बैठकीत झालं. त्याच्या आधीच्या शनिवारीही तसंच."

"मग रोज सौना घे," हेल्वी म्हणाली. "आमच्या वेळी सगळे आजार सौनानेच जायचे. न गेले तर माणूस जायचा." तिने चष्म्यावरून सुनेच्या पायांकडे पाहिलं. "मी नाताळात दिलेले मोजे घातलेस ना? एकच जोड?"

"दोन. फरशी गार असते."

"चला. निदान एक तरी गोष्ट माझ्याकडून नीट घेतलीस."

सिर्क्कू तीन कप कॉफी पोटात आणि शून्य पुरावा हातात घेऊन घरी आली. स्वयंपाकघरात पिप्पुरी मांजरी खिडकीत बसली होती. सिर्क्कूने सवयीने हात पुढे केला. पिप्पुरीने तो हात उधारी वसूल करायला आल्यासारखा न्याहाळला आणि उठून कपाटाखाली गेली. थंडी सुरू झाल्यापासून हिचंही हे असंच चाललं होतं. घरातलं कुणीच आपल्या बाजूचं नाही, अशी सिर्क्कूने मनात नोंद केली.

पुढच्या दारात वेइयोचे बूट आपटल्याचा आवाज आला.

५

वेइयो मोइलानेन हा कमी बोलणारा माणूस होता, म्हणजे तिथल्याही मानाने. त्याने मासे मोरीत टाकले, ओले मोजे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर टाकले आणि बायकोच्या सांगण्यावरून अनवाणीच येऊन मायक्रोफोनपुढे बसला.

"इथून वाच," सिर्क्कू म्हणाली. "मोठ्याने. आणि मी खूण केली की ते बटण मागे फिरव."

वेइयोने हवामानाचा अंदाज सांगावा तसं वाचायला सुरुवात केली. आगबोटीवरचा थरार त्याच्या तोंडून ऐकताना उद्या ढगाळ राहील असं वाटत होतं. सिर्क्कूने खूण केली. त्याने बटण फिरवलं. डबी हिरवीगार. त्याने ते पुढे फिरवलं, मागे फिरवलं, बोटाने डबीवर टिचकी मारली, तार हलवली. ती तेवत राहिली.

"तो दोर कापणारी व्यक्ती याच खोलीत आहे आणि ती आहे—"

"पुरे," सिर्क्कू म्हणाली.

वेइयोने डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला तर काही बिघाड दिसत नाही," तो म्हणाला.

विवाहित माणसाला उच्चारता येतील अशा वाक्यांत हे सर्वांत धोकादायक आहे. सिर्क्कू त्याच्या जागेवर बसली, अंग सावरलं, बटणाला हात लावला. ठुणूक.

तिला सगळं एकदम दिसलं. ही खोली वेइयोला हवी होती. मासे गळाला लागावेत म्हणून पिसांची खोटी माशी बांधायचा त्याचा उद्योग स्वयंपाकघराच्या टेबलावर चालायचा आणि त्याची पिसं दर आठवड्याला कुणाच्या तरी सुपात निघायची. सिर्क्कूचं काम गेलं की खोली मोकळी. हेतू होता, संधी होती, आणि डबी फक्त त्याचंच ऐकत होती. कसं केलं एवढंच कळायचं बाकी होतं.

"कळलं मला," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

त्या शनिवारी मोइलानेनांच्या घरात सौना तापला नाही. हे तिथे साधं प्रकरण नसतं. रविवारी सकाळीच भिंतीपलीकडून हेल्वी आली आणि दारातून म्हणाली, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," सिर्क्कू म्हणाली. "बारा वाजता मागच्या खोलीत ये. ओस्सीलाही बोलावलंय."

६

मागची खोली चार माणसांसाठी नव्हती. हेल्वी खुर्चीवर बसली, ओस्सी उलट्या बादलीवर. वेइयो अनवाणी पाय आखडून स्टुलावर बसला आणि पिप्पुरी त्याच्या मांडीवर झोपली. बनांची थाळी कॉम्प्युटरवर ठेवावी लागली.

सिर्क्कू गालिच्यावर फेऱ्या मारायला लागली. तिला तोर्विनेनचा आवाज लावायचा नव्हता, पण तो आपोआप लागला.

"या घरात एक घात होतो आहे," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत मी हे प्रकरण पाठवलं नाही, तर माझं काम एक यंत्र करेल. हे इथल्या एका माणसाला चांगलं माहीत होतं."

"बन घेऊ का?" ओस्सीने विचारलं.

"ओस्सीचा खांब बर्फाखाली आहे. हेल्वीचं शिवणयंत्र मोडलेलं आहे." ती वळली, परत आली. दोन जोड मोजे गालिच्यावर सुरसुरत होते. "ती डबी दुकानात मरत नाही. शनिवारी सौनानंतर मरत नाही. आणि एका माणसाच्या हातात ती कधीच मरत नाही. तो माणूस याच खोलीत आहे, आणि तो आहे—"

तिने हात लांब करून नवऱ्याकडे बोट दाखवलं. हात जवळ येताच पिप्पुरीने डोळे उघडले, कान पाडले, वेइयोच्या मांडीत नखं रोवली आणि एका उडीत फडताळाच्या माथ्यावर जाऊन बसली.

"आई गं," वेइयो शांतपणे म्हणाला.

"हिला काय झालं?" ओस्सीने विचारलं.

"सिर्क्कूला भिते ती," वेइयो मांडी चोळत म्हणाला. "नाकाला चटका बसतो."

"कसला चटका?"

"ठिणगीचा. थंडीत बसतो तो. सिर्क्कूच्या हाताला फार असतो यंदा. रात्री पांघरूण ओढते तेव्हा ठिणग्या दिसतात पण."

सिर्क्कूचं बोट अजून हवेत होतं.

"वेइयो," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी मी तुला विचारलं होतं, घरात काही वेगळं घडतंय का. तू नाही म्हणालास."

"मग? यात वेगळं काय? थंडीत दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतोच. तुलाही बसतोच की."

बसत होताच. डबीच्या बटणालाही बसत होता. जानेवारीत तिकडे कडी चावते, कार चावते, नवराबायको एकमेकांना चावतात, आणि जुलैतल्या डासासारखं ते कुणी मोजत नाही. मदतकेंद्रातल्या तरुणाला तिने तारेचा रंगसुद्धा सांगितला होता. हे सांगायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ती खाली बसायला गेली, पण बादली ओस्सीने घेतली होती. मग ती उभ्यानेच बोलायला लागली, आणि या वेळी तिला कुणाचाही आवाज लागला नाही.

"जे मांजरीला होतं तेच डबीला होतं. उणे सत्तावीसची हवा घरात येऊन तापली की कोरडी ठक्क होते. त्या हवेत मी लोकरीचे मोजे घालून केसाळ गालिच्यावर पाय घासते, अंगात वीज साठते आणि ज्या धातूला हात लावीन त्यावर ती उडते. बटणातून डबीत, डबीतून कॉम्प्युटरकडे. तो घाबरतो आणि ओळखच सोडून देतो."

"दुकानात?" ओस्सीने विचारलं.

"दगडी फरशी, पाणी, रबरी बूट. तिथे लोकर कशावर घासणार? शनिवारी सौनाची वाफ घरभर असते आणि माझे केस ओले असतात, हवेत ओल असली की वीज साठत नाही. वेइयो अनवाणी असतो. आणि नाताळापर्यंत इथे..." ती थांबली. पुढचं वाक्य तिला जड जात होतं. "इथे हेल्वीच्या ओल्या चादरी असायच्या."

"पिळलेल्या," हेल्वी म्हणाली.

"पिळलेल्या. मी त्या काढल्या, गालिचा आणला, घोंगड्या वाढवल्या. जेवढा इलाज केला तेवढा रोग वाढवला."

"आणि खुन्याच्या नावालाच का मरते?" ओस्सीचा बन हातातच राहिला होता.

"कारण कंटाळवाण्या पानांना मी स्वस्थ बसते. तोर्विनेन फेऱ्या मारायला लागला की टेबलाखाली माझेही पाय फेऱ्या मारतात. मग तो ओरडणार म्हणून मी बटण कमी करते. दर वेळी, नेमकं तिथेच."

तिने टेबलाशी उभं राहून गालिच्यावर पाय घासले आणि बटणापाशी बोट नेलं. बारीकसा 'चट्' आवाज झाला. ठुणूक. हिरवा दिवा गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओस्सीने बन खाल्ला.

"म्हणजे माझ्या मोज्यांनी केलं सगळं," हेल्वी म्हणाली.

"मोजे, गालिचा, हवा आणि मी."

"मोजे आधी म्हणालीस."

सिर्क्कूने दोन्ही जोड काढून सासूच्या हातात दिले नाहीत, तेवढं भान तिला होतं. ते तिने घडी करून शेल्फवर ठेवले. गालिचा ओस्सीने गुंडाळून बाहेर बर्फात टाकला. वेइयोने बॉयलरच्या खोलीतून कपडे वाळवायचा घोडा आणला आणि हेल्वीने त्यावर दोन ओल्या चादरी अशा काही थाटात टाकल्या, की त्या राष्ट्रध्वजच असाव्यात.

बाकीचे गेल्यावर नवराबायको चादरींच्या मध्ये उभे राहिले.

"मी तुलाच पकडणार होते," सिर्क्कू म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला सुळी."

"कळत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

वेइयोने विचार केला. "काल तू मला नावाच्या अलीकडेच थांबवलंस. मला वाटलं आज तरी शेवट कळेल. दोर कापला कुणी?"

"आचाऱ्याने."

"अच्छा," वेइयो म्हणाला. "मला कप्तान वाटला होता." आणि तो सौना तापवायला गेला.

सिर्क्कू अनवाणी बसली. बटणाला हात लावायच्या आधी दर वेळी तिने रेडिएटरला बोट टेकवलं. तोर्विनेन फेऱ्या मारत राहिला, आवाज चढला, बटण फिरलं आणि आचाऱ्याचं नाव एकदाचं कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. चादरी ठिबकल्या नाहीत.

सोमवारी सकाळी काइसूचा फोन आला.

"मिळालं, सिर्क्कू. उत्तम झालंय. आणि पुढची सगळी पुस्तकं तूच करायचीस, तसं आमचं ठरलंय."

सिर्क्कूने खुर्चीची पाठ धरली. "यंत्राचा आवाज?"

"तो चाचणीत नापास झाला. आम्ही पहिली काही प्रकरणं त्या आवाजात करून श्रोत्यांना दिली होती. लोक जागे राहिले. तक्रारी आल्या."

"म्हणजे?"

"ही मालिका लोक रात्री झोप लागावी म्हणून लावतात ना. तुझ्या आवाजावर बहुतेक जण दुसऱ्या प्रकरणात झोपतात."

"आणि शेवटचं प्रकरण?"

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. काइसू आकडे बघत होती.

"तिथपर्यंत अजून कुणी गेलेलं नाही," ती म्हणाली. "पाचही पुस्तकांत."